गळ शेवटी घालावेत

त्सुकुबा
२० जानेवारी

प्रिय चंद्रहास,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने पडला. खोडला तर कागद घाण दिसेल, म्हणून राहू देते.

तुझं नववर्षाचं कार्ड पोचलं. दरवर्षी पोचतंच. छापील सूर्योदय, त्या त्या वर्षाचा छापील प्राणी, आणि खाली नागोयाच्या कुठल्याशा बागेत तू, अनघा आणि मुलं, चौघंही ओळीने दात दाखवत. मी ते पाहते आणि जळाऊ कचऱ्यात टाकते. असला चकचकीत कागद जळाऊत टाकायचा की रद्दीत, यावर आमच्या इमारतीत दोन तट आहेत. मी पहिल्या तटात आहे. का, ते तुला कळेल.

यंदा मात्र घोड्याच्या पोटाखाली निळ्या शाईत तुझं हस्ताक्षर होतं. 'सुप्रभा, त्या काढ्याबद्दल जरा बोलायचं होतं. फोन करू का?' दहा-अकरा वर्षांत तू मला स्वतःच्या हाताने लिहिलेली ही पहिली ओळ. कार्ड कचऱ्यात टाकता टाकता परत काढलं. त्याला चहाचा चोथा लागला आहे, पण ओळ वाचता येते.

इथल्या रिवाजाप्रमाणे कार्डाला पहिल्या आठवड्यात उत्तर जायला हवं. ते हुकलं की मग 'थंडीत कसे आहात' अशा चौकशीचं पत्र पाठवायचं असतं. हे तेच समज. थंडी बोचरी आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही, कार्डावर छापलेलंच आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू फार गोड बोलतोस आणि मला गोड वर्ज्य आहे. काय हवं ते लिहून विचार.

आणि काढ्याबद्दल मला काय विचारतोस रे? काढ्यावरच्या तुझ्या त्या पेपरात मी कोण? शेवटच्या पानावर, संदर्भांच्या वर, मुंगीच्या पावलाएवढ्या टाइपात: 'तांत्रिक साहाय्याबद्दल श्रीमती सुप्रभा यांचे आभार.' माझी डॉक्टरेट तेव्हा होऊन चुकली होती. 'डॉ.' हे दीड अक्षर तुला जड झालं असावं.

तेव्हा तांत्रिक साहाय्यकाला काढ्यातलं काय कळणार?

सुप्रभा

त्सुकुबा
१६ फेब्रुवारी

चंद्रहास,

तुझं उत्तर चार पानी आलं. पहिली तीन पानं आपल्या मैत्रीवर आहेत, ती मी सावकाश वाचीन म्हणते. चौथं पान कामाचं होतं, ते लगेच वाचलं.

म्हणजे झालंय असं. आपला चोतोसानचा काढा तुझ्या लॅबमध्ये रक्तवाहिनी सैल करीत नाही. चीनमधून आलेला, इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सकाळच्या डोकेदुखीवर पिढ्यान्‌पिढ्या दिला जाणारा काढा. त्याच्यावर तू पेपर लिहिलास, त्या पेपरावर तुला खुर्ची मिळाली, आणि आता एक औषधकंपनी त्याची रक्तदाबावरची गोळी काढणार म्हणून एप्रिलमध्ये माणसं पाठवणार आहे, प्रयोग डोळ्यांनी बघायला. आणि काढा ऐकत नाही. तुझ्या मते दोष काढ्याचा नाहीच. तो अपूर्वा नावाच्या तुझ्या विद्यार्थिनीचा. 'तिचे हात बरे नाहीत. कडं कापताना आतलं अस्तर सोलून काढते.'

किती सोयीचं! ज्याला हे काम ठाऊक नाही त्याला वाटेल, गुरू किती बारकाईने बघतो. मला काम ठाऊक आहे. उंदराच्या महारोहिणीची, त्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीची, कडी कापायची, शेवयांच्या तुकड्यांएवढी. एकेक कडं तारेच्या दोन आकड्यांत अडकवून कोमट खारट पाण्यात टांगायचं, खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे. मग औषध घालून त्याला आवळायला लावायचं आणि वर काढा सोडायचा. कडं सैल पडलं की पडद्यावरची रेघ खाली येते. आत पेशींचा एकच थर असतो, तेच ते अस्तर. काढा त्या अस्तराला जागं करतो, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, आणि बाहेरचा स्नायू मूठ उघडतो. अस्तर खरवडलं गेलं तर निम्मी गंमत गेली. त्यामुळे रेघ खाली आली नाही की 'तुझ्या हातून अस्तर गेलं' हे कुठल्याही विद्यार्थ्याला कधीही सांगता येतं. आपल्या क्योतोच्या लॅबमध्ये तू हे मलाही सांगून बघितलं होतंस. माझ्याकडे तेव्हा उत्तर होतं, कारण रेघ खाली येत होती.

आता तू विचारतोस, 'तू तेव्हा नक्की काय करायचीस, ते जरा सविस्तर लिही.'

जरा मागे जाऊ या. तू सविस्तर म्हणालास म्हणून.

बाबांना पक्षाघात झाला आणि मी पुण्याला गेले. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाची वाचा गेली होती. मी त्यांच्या उशाशी बसून रूपं म्हणायची आणि ते ओठ हलवायचे. रक्तदाबाच्या गोळ्या ते विसरत असत. मी इथे रक्तवाहिन्या सैल करत होते आणि तिथे त्यांची एक फुटली. यातला विनोद मला कळायला वेळ लागला, तू हसू नकोस.

तेरावं उरकून परत आले ती सायकलवरून थेट लॅबमध्ये. टेबलावर मिठाईचा खोका उघडा होता. तू म्हणालास, "अगं ये ये! वेळेवर आलीस, घे." मी एक मोची, तांदळाचा तो चिकट लाडू, तोंडात टाकला आणि तो चावता चावता विचारलं, "काय निमित्त?" तू म्हणालास, "पेपर लागला."

कुठला, ते मोची गिळल्यावर कळलं. रेघा सगळ्या माझ्या. कडी मी कापलेली, काढे मी उकळलेले. लॅबप्रमुख हायाकावा सेन्सेईंकडे गेले तर ते बिचारे चष्मा पुसत म्हणाले, "चंद्रहास-कुन म्हणाला, तुम्ही आता परत येणार नाही. घरच्यांनी थांबवून घेतलं." असं कोणी थांबवून घेतलं होतं मला? वडील गेलेल्या बाईला थांबवणारं घरात उरलंय कोण?

तुझा तो पेपर मी बरेचदा वाचला आहे. भाषा निर्दोष. सगळा कर्मणि प्रयोग: काढा तयार करण्यात आला, कडी टांगण्यात आली. कर्मणि प्रयोगात कर्ता तृतीयेत जातो, असं बाबा शिकवायचे. तुझ्या पेपरात तो थेट वनवासात गेला.

तर, मी काय करायचे? भांडं मातीचं वापरायचे. टोकोनामे तुला जवळच आहे, चांगली भांडी मिळतात. बघ एखादं.

सुप्रभा

त्सुकुबा
२२ मार्च

चंद्रहास,

भांडं घेतलंस म्हणे. झाकणावर बगळा आहे हेही कळलं. रेघ तरी हलली नाही, याचं वाईट वाटलं. म्हणजे वाटायला हवं होतं.

हे कुणी सांगितलं, असं विचारशील. अपूर्वा येऊन गेली. तुला सांगितलं नसेल तिने. सुट्टी टाकून, नागोयाहून तोक्योपर्यंत रात्रीच्या बसने आणि तिथून आमच्या इथल्या रेल्वेने. दारात उभी राहिली तेव्हा हातात कोन्बिनी दुकानातली ओनिगिरी होती, अर्धा खाल्लेला भाताचा गोळा.

"मॅम, मी अपूर्वा. तुमचं नाव मला पेपरच्या शेवटी मिळालं."

"आभारांत?"

"हो. म्हटलं, ज्यांचे आभार मानलेत त्यांनीच प्रयोग केले असणार."

तुझी विद्यार्थिनी हुशार आहे रे! तुला तिचं काय करावं ते कळत नाही, यात नवल नाही.

मी तिला आत घेतलं, पोहे केले. खाता खाता ती रडली. आवाज न करता, जपानी पद्धतीने, समोरच्याला अडचण होऊ नये इतपत. म्हणाली, "सर म्हणतात, जूनपर्यंत रिझल्ट नाही आला तर एक्स्टेन्शन देणार नाही. पीएच.डी. सोडून परत जा म्हणतात. आईबाबांनी घरात कुणालाच सांगितलेलं नाहीये की मी अडकलेय. मॅम, माझे हात खरंच एवढे वाईट आहेत का हो?"

"मॅम नको, ताई म्हण. दाखव हात."

तिला वाटलं मी थट्टा करते. मग तिला इथल्या माझ्या लॅबमध्ये नेलं, चिमटा आणि कात्री दिली आणि शेजारी स्टुलावर बसले. चंद्रहास, ती पोरगी कडं कापते तेव्हा बघावं. चिमटा आतल्या भिंतीला शिवतसुद्धा नाही. तिच्या प्रत्येक कड्यात मी असेटिलकोलीन घातलं. अस्तर शाबूत असेल तरच त्याने कडं सैल पडतं. एकूणएक पडलं. ही तपासणी ती नागोयातही रोज करत होती, तुला रेघा दाखवत होती. आणि तू काय म्हणालास? "असेटिलकोलीन जुनं झालं असेल."

इथवर हा तुझा-माझा मामला होता आणि मी तो मजेत चालवत होते. भांड्याचं सांगून तुला बाजारात धाडलं. पुढच्या पत्रात तुला पाणी बदलायला लावणार होते, त्याच्या पुढच्यात उंदीर. एप्रिलपर्यंत पुरतील इतकी पत्रं मनात तयार होती. पण दोरी ओढते मी, आणि फास बसतोय तो तिच्या गळ्याला, हे काही बरं दिसेना. तेव्हा तो खेळ आवरला.

मी तिला तुझ्या पेपरातली चूक सांगितली आहे. एका वाक्याची आहे. तिने ती माझ्यासमोर करून पाहिली आहे आणि रेघाही घेतल्या आहेत. 'सरांना सांगू?' असं तिने विचारलं. म्हटलं, "जरूर सांग. पहिलं त्यांनाच सांग. कंपनीची माणसं यायच्या आधी."

तेव्हा ती सांगेल. ऐक. तुला मी लपवलं असं उद्या म्हणू नकोस.

सुप्रभा

त्सुकुबा
२९ एप्रिल

चंद्रहास,

फोन करू नकोस म्हटलं होतं, तरी केलास. या खेपेला गोड बोलला नाहीस, तेवढं बरं केलंस. ओरडण्याच्या भरात काही वाक्यं अर्धवट राहिली, म्हणून उत्तर लिहून देते. तुझ्या पद्धतीने, सविस्तर.

कंपनीची माणसं आली. तू स्वतः अंगरखा चढवून उभा राहिलास. अपूर्वाला बाजूला केलंस आणि म्हणालास, "आज कडी मी कापतो." बगळ्याच्या भांड्यातला काढा स्वतः ओतलास. आणि रेघ जिथे होती तिथेच राहिली. थोडीशी खाली आली म्हणतोस? तुझ्या समाधानासाठी थोडीशी. त्या माणसांनी वाकून आभार मानले, 'विचार करू' म्हणाले आणि गेले. विचार करू म्हणजे काय, ते तुला इतक्या वर्षांत कळलं असेल.

आता तुझा प्रश्न: "तुला माहीत होतं तर मला सरळ का नाही लिहिलंस?"

तुला सांगितलं होतं की. अपूर्वाने सांगितलं. तू काय उत्तर दिलंस, तेही तिने मला सांगितलं.

"सर, ते गळ शेवटी घालायचे असतात. बाकीचं उकळून झाल्यावर. पाच-दहा मिनिटंच."

"काढा मला शिकवतेस? वाईला आमच्या घरात तीन पिढ्या काढेच उकळतायत!"

तीन पिढ्या, चंद्रहास! अरे, तीच तर चूक आहे. तू माझ्या रेघा नेल्यास, पण काढा कसा केला ते मला विचारणं तुला शक्य नव्हतं, मी 'परत येणार नव्हते' ना. मग तू कृतीचं कलम मनाने लिहिलंस. आणि मनात काय, तर आजोबांचा क्वाथ. सगळं एकत्र घाला, मंद आचेवर चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवा. दुसऱ्या कुणा माणसाने हे लिहिलं नसतं. चिनी माणसाने लिहिलं नसतं, कारण तो जुनी कृती वाचतो. जपानी माणसाने पुड्यावर छापलेली कृती बघून लिहिली असती. वाईचा वैद्यपुत्रच चीनच्या काढ्याला चतुर्थांशाचा नियम लावू शकतो.

त्या काढ्यात अकरा द्रव्यं. मुख्य एक, चोतो नावाच्या वेलीचे काटे. मासे धरायच्या गळासारखे वाकडे, तेच हे गळ. त्यांच्यातलं जे द्रव्य वाहिनी सैल करतं ते नाजूक आहे, फार उकळलं की मरतं. म्हणून जुन्या चिनी कृतीत त्या द्रव्यापुढे बारीक अक्षरांत शेरा असतो, 'मागाहून घालावे'. आपण दोघांनी ती पोथी सेन्सेईंच्या कपाटातून एकदमच काढली होती. तू मूळ ओळ वाचलीस आणि पान उलटलंस. मला बाबांनी मूळ वाचायच्या आधी टीका वाचायची सवय लावली होती. एवढाच फरक.

आणि बाहेर कशाला जातोस? तुमच्याच शास्त्रात क्वाथाशेजारी फांट बसलेला आहे. उकळतं पाणी घ्यायचं, द्रव्य घालायचं, झाकायचं, गाळायचं. नाजूक द्रव्यांसाठीच आहे तो. तीन पिढ्यांत एकालाही आठवला नाही?

अपूर्वाने माझ्यासमोर दोन्ही काढे केले. तुझ्या छापील कृतीचा घातला, रेघ मख्ख. मग गळ शेवटी घातलेला सोडला. रेघ अशी उतरली की ती खुर्चीतून उठून उभी राहिली. "ताई, पडली! पडली ना?" मग तिने दुसऱ्या कड्याच्या आतून दोरा फिरवून अस्तर मुद्दाम काढलं आणि पुन्हा घातला. या वेळी निम्मीच उतरली. म्हणजे निम्मं काम अस्तराकडून, आणि उरलेलं थेट स्नायूवर: कॅल्शियम आत यायची दारं तो काढा बंद करतो. हा दुसरा भाग तुझ्या पेपरात नाहीच. माझ्या त्या रेघा वेगळ्या खणात होत्या, त्या तुला सापडल्या नाहीत.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. मी तुला सरळ लिहिलं असतं तर तू ते केलं असतंस. एप्रिलमध्ये रेघ उतरली असती, गोळी निघाली असती, आणि कुठेतरी बारीक टाइपात पुन्हा माझे आभार आले असते. विद्यार्थिनीच्या तोंडून आलं तर तू ऐकणार नाहीस, याची मला खात्री होती. खात्री होती म्हणूनच तिच्या तोंडून सांगितलं. खरं तेच सांगितलं, वेळेवर सांगितलं, आणि तुला नेमकं घेता येणार नाही अशा हातांनी पोचवलं. याला काय म्हणायचं ते तू ठरव. मी याला सूड म्हणते. मला हा शब्द आवडतो, छोटा आहे.

तू ऐकलं असतंस तर? हा प्रश्न मला पडला होता. खरं सांगते, तू तिला "बरं, करून बघ" एवढं म्हणाला असतास ना, तर माझं अकरा वर्षांचं सगळं वाया गेलं असतं. आणि मी काही करू शकले नसते. तो धोका मी पत्करला होता.

अपूर्वाची नोंदणी इकडे वळवायच्या कागदांवर तुझी सही हवी आहे. फोनवर नाही म्हणालास. हायाकावा सेन्सेईंना मी अजून काही बोललेले नाही. त्यांना निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे आणि दोन्ही काढ्यांच्या रेघा बघायला त्यांना आवडेल. कागद सोबत आहेत.

सुप्रभा

त्सुकुबा
११ ऑक्टोबर

डॉ. चंद्रहास,

कागदांवर सही करून पाठवल्याबद्दल आभारी आहे. सेन्सेईंना मात्र शेवटी कळलंच. मी नाही सांगितलं. कंपनीतल्या त्या 'विचार करू'वाल्यांनीच त्यांना विचारलं. ते आमच्याकडे येऊन बसले, अपूर्वाने त्यांना काढा करून दाखवला. रेघ उतरताना बघत राहिले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "मी तेव्हा तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं." जुना पेपर मागे घेण्याचं पत्र त्यांनी स्वतः संपादकांना पाठवलं. ते तुला मिळालं असेलच.

अपूर्वाचा पेपर स्वीकारला गेला. पहिलं नाव तिचं, शेवटचं माझं. तिने मिठाई आणली. या वेळी तोंडात टाकण्याआधी निमित्त मला ठाऊक होतं. तिने आईबाबांना फोन केला. आई म्हणाली, "म्हणजे तू आता डॉक्टर होणार की आधीच झालीस?" आणि बाबा मागून ओरडले, "तिला हातांचं विचार, हात बरे आहेत का!" त्यांना वाटत होतं तिच्या हातांना काही आजार झालाय. हसून हसून पुरेवाट झाली.

कृतीच्या कलमात पहिल्यांदाच कर्तरी प्रयोग आहे. 'आम्ही गळ शेवटी घातले.' संपादकांनी कुरकुर केली, अपूर्वा हटली नाही.

आता एक काम. आभारांमध्ये मी एक ओळ घातली आहे: 'काढ्याच्या आधी छापलेल्या कृतीतील दोष दाखवून देण्यास उपयोगी पडल्याबद्दल आणि तांत्रिक साहाय्याबद्दल नागोयाचे डॉ. चंद्रहास यांचे आभार.' हल्ली नियम झाला आहे, आभारांत कुणाचं नाव घालायचं तर त्याची लेखी संमती लागते. माझ्या वेळी नव्हता. मला कुणी विचारलं नव्हतं, मी विचारते आहे. कागद सोबत जोडला आहे, सही निळ्या शाईत चालेल.

संमती द्यायलाच हवी असं नाही. नाही दिलीस तर ती ओळ काढून टाकीन, माझं काही अडणार नाही. फक्त एवढं लक्षात घे की जुना पेपर आता नाही. या काढ्याच्या गोष्टीत तुझं नाव उरायला ही एकच ओळ आहे. संदर्भांच्या वर, बारीक टाइपात.

सावकाश ठरव. 'डॉ.' मी मुद्दाम तपासून घातलं आहे.

सुप्रभा